सुटका आणि साक्ष : 'दि लास्ट एनिमी'चा पुनर्विचार

टीकाकाराचें मत बदललें, तर तें त्यानें मुकाट्यानें बदलावें कीं चारचौघांत सांगून बदलावें, ह्याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. जें मत एकांतांत धरलें तें एकांतांत सोडावें. परंतु जें वर्गांत विद्यार्थ्यांपुढें वर्षानुवर्षें मांडलें आणि ज्याच्या आधारावर त्यांनीं परीक्षेंत उत्तरें लिहिलीं, तें उघडपणेंच मागें घेतलें पाहिजे. रिचर्ड हिलरी ह्या तरुण वैमानिकाच्या 'दि लास्ट एनिमी' ह्या पुस्तकाविषयीं आम्हांवर आज असाच प्रसंग आला आहे. गेलीं वीस-बावीस वर्षें इंग्रजी गद्याच्या तासाला आम्ही हें पुस्तक शिकवीत आलों, आणि त्याचें अखेरचें प्रकरण हा त्याचा कळस होय, असें प्रत्येक वर्गास सांगत आलों. तेंच ह्या देवळाचें सर्वांत कच्चें बांधकाम आहे, असें आतां आम्हांस वाटूं लागलें आहे.

ह्या मतांतरास निमित्त झाला तो एका विद्यार्थिनीचा प्रश्न. पुस्तकाचा आरंभींचा भाग, म्हणजे विमान पेटून वैमानिक समुद्रांत पडतो आणि त्याला एका नौकेंत उचलून घेतात तो भाग, वाचून संपला होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्याला पाण्यांतून काढणारे ते लोक कोण होते? पुढें ते परत येतात का?" आम्हीं उत्तर दिलें कीं, ते परत येत नाहींत, कारण पुस्तक त्यांच्याविषयीं नाहीं. उत्तर खोटें नव्हतें. परंतु घरीं पोहोंचेपर्यंत तें आम्हांसच पुरेनासें झालें. त्या रात्रीं आम्हीं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलें. पुढील विवेचन हें त्या वाचनाचें फळ आहे.

ज्या वाचकांस ग्रंथाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडी हकीकत देणें अवश्य आहे. हिलरीचा जन्म २० एप्रिल १९१९ रोजीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें झाला. त्याचें शिक्षण इंग्लंडांत श्रूजबरीच्या शाळेंत आणि ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजांत झालें. तेथें अभ्यासापेक्षां नौका वल्हविण्यांत आणि विद्यापीठाच्या विमानपथकांत त्याचा अधिक वेळ जाई. युद्ध सुरू झाल्यावर तो ब्रिटिश वायुदलांत गेला, आणि १९४० च्या उन्हाळ्यांत ६०३ व्या लढाऊ तुकडींत दाखल झाला. ऑगस्टच्या अखेरीस ही तुकडी लंडनजवळील हॉर्नचर्चच्या तळावर आली, आणि आठवडाभरांतच, ३ सप्टेंबर १९४० रोजीं, त्याचें स्पिटफायर विमान एका जर्मन मेसरश्मिटनें पाडलें. चेहरा आणि हात भयंकर भाजलेल्या स्थितींत तो वांचला. महिनोगणती इस्पितळांत काढल्यावर त्यानें हें पुस्तक लिहिलें. १९४२ सालीं तें अमेरिकेंत 'फॉलिंग थ्रू स्पेस' ह्या नांवानें व लंडनांत 'दि लास्ट एनिमी' ह्या नांवानें निघालें. हें दुसरें नांव करिंथकरांस लिहिलेल्या सेंट पॉलच्या पहिल्या पत्रांतील असून, त्यांतील शेवटचा शत्रु म्हणजे मृत्यु होय. पुस्तक निघालें तेव्हां ग्रंथकाराचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. आणि चोविसावें त्याला दिसलें नाहीं.

ग्रंथाची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. काळाच्या क्रमानें पाहतां विमान पडण्याचा प्रसंग पुस्तकाच्या मध्यावर यावयाचा. परंतु हिलरीनें तो उचलून अगदीं आरंभीं, प्रस्तावनेच्या जागीं ठेवला आहे. ऑक्सफर्डचे दिवस, उड्डाणाचें शिक्षण, मित्रमंडळी हें सर्व त्यामागून येतें. त्यामुळें तरुणपणींच्या त्या सुखी, किंचित् उद्धट जीवनाचें वर्णन वाचतांना ह्या सुंदर मुखाचें पुढें काय होणार आहे, हें वाचकास अगोदरच ठाऊक असतें. नाटककार ज्यास पूर्वसूचना म्हणतो तिचें काम येथें पहिल्या कांहीं पानांनींच उरकलें आहे. मागाहून ग्रंथकारास कोठेंहि नि:श्वास टाकावा लागत नाहीं.

आतां त्या पहिल्या पानांकडे वळूं. त्या दिवशीं सकाळीं विमानाच्या बैठकीवरचें नवें सरकतें झांकण खांचेंतून नीट सरकत नव्हतें. एका कारागिराबरोबर कानस आणि तेल घेऊन हिलरी तें सैल करण्याच्या खटपटींत होता. तें कसेंबसें अर्ध्यापर्यंत सरकूं लागलें, तोंच उड्डाणाचा हुकूम आला. वर गेल्यावर एका शत्रुविमानाच्या मागें तो जरूरीपेक्षां क्षणभर अधिक राहिला, आणि त्याच क्षणीं त्याच्या पाठीवर असलेल्या दुसऱ्यानें त्याला टिपलें. बैठक ज्वाळांनीं भरली. त्यानें झांकणाला हात घातला, आणि झांकण हललें नाहीं. चक्रव्यूहांत शिरतां येतें पण बाहेर पडतां येत नाहीं, ही अभिमन्यूची कथा आमच्या वाचकांस बाळपणापासून ठाऊक आहे. येथें व्यूह म्हणजे हातभर रुंदीची एक बैठक, आणि न सांपडलेली वाट म्हणजे सकाळीं कानशीनें घासलेली एक खांच.

येथें एक यांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुढील प्रकार समजत नाहीं. स्पिटफायरमध्यें पेट्रोलच्या टाक्या एंजिनाच्या मागें आणि वैमानिकाच्या पुढें असत; त्यांत एकंदर ८५ गॅलन पेट्रोल मावे. टाकीस आग लागली कीं ती सरळ वैमानिकाच्या तोंडावर येई. म्हणून त्या काळच्या जळालेल्या वैमानिकांच्या जखमा बहुधा एकाच तऱ्हेच्या आढळत : कपड्याखालचें शरीर शाबूत, परंतु पापण्या, ओठ, नाक आणि हात गेलेले. हिलरीनें त्या दिवशीं हातमोजे घातले नव्हते. पट्टे तोडून तो झांकणाशीं झगडला, तें सुटलें, आणि तो शुद्ध हरपून खालीं पडला. भान आलें तेव्हां तो आकाशांतून कोसळत होता. हवाई छत्री उघडली, आणि तो उत्तर समुद्रांत उतरला.

समुद्रांतील त्या तासांचें वर्णन हा आमच्या मतें ह्या ग्रंथाचा सर्वोत्तम भाग आहे. आपल्या हातांची कातडी लोंबत असलेली तो पाहतो, आणि ती दुसऱ्या कोणाची असावी तसें तिचें वर्णन करतो. हळूहळू त्याची दृष्टि मंदावते. कोणी येणार नाहीं असें वाटून तो लौकर मरण्याचें ठरवितो, आणि अंगावरच्या फुगीर जाकिटांतील हवा सोडून देतो. डोकें पाण्याखालीं जातें. परंतु शरीर बुडत नाहीं, कारण छत्रीचें कापड त्याला गुंडाळून वर धरून आहे. छत्रीचा बंध सोडावा, तर जळालेल्या बोटांत तेवढी शक्ति नाहीं. मरणहि जमत नाहीं, ह्याचें त्याला हसूं येतें. इतक्यांत कोठून तरी हात येतात, त्याला ओढून घेतात, सुजलेल्या ओठांत ब्रँडीची बाटली लावली जाते. आणि शरीरास ऊब मिळतांच इतका वेळ कोठें तरी थांबलेल्या वेदना एकदम सुरू होतात.

ह्या वर्णनांत वीररस नाहीं, आणि करुणहि फारसा नाहीं. आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर भयानक आणि अद्भुत ह्यांची ही संगति आहे. शेवटीं तिला हास्याचीहि एक काळी किनार आहे. परंतु तिची खरी शक्ति रसांच्या मिश्रणांत नसून औचित्यांत आहे. जें त्या क्षणीं डोळ्यांस दिसलें आणि कातडीस कळलें तेवढेंच येथें सांगितलें आहे. समुद्रांत तरंगणाऱ्या मनुष्यास जगाविषयीं सिद्धान्त सुचत नाहींत, म्हणून लेखकानेंहि तो तेथें सांगितलेला नाहीं. पुस्तकाच्या शेवटीं हा संयम त्याला कां पाळतां आला नाहीं, हाच आमचा प्रश्न आहे.

परंतु अगोदर त्या नौकेविषयीं. ती केंट परगण्यांतील मार्गेट गांवची जीवरक्षक नौका होती. छत्रीनें उतरणारा वैमानिक किनाऱ्यावरील पहाऱ्याच्या लोकांनीं पाहिला, नौका निघाली, परंतु चुकीची दिशा मिळाल्यामुळें तो बराच वेळ सांपडेना. शेवटीं शोध सोडून नौका परत फिरण्याच्या बेतांत होती, तेव्हां त्यांतील एकाला पाण्यावर छत्रीचें पांढरें कापड दिसलें. त्या वेळीं ते मार्गेटच्या पूर्वेस पंधरा मैलांवर होते. म्हणजे ज्या छत्रीपासून सुटून मरावें म्हणून हा मनुष्य धडपडत होता, तिनेंच त्याला दोनदां वांचविलें : एकदां बुडूं न देऊन आणि एकदां दिसून. हिलरी ही गोष्ट चार ओळींत सांगून पुढें जातो.

त्या ओळींमागें जें जग आहे तें वाचकांपुढें थोडेंसें ठेवितों. १९४० च्या त्या उन्हाळ्यांत ब्रिटिश लढाऊ वैमानिकाजवळ स्वत:ची रबरी होडीहि नसे. अंगावरचें जाकीट एवढाच त्याचा आधार. जर्मनांपाशीं समुद्रांत पडलेल्यांस उचलणारें विमानपथक युद्धापूर्वींच तयार होतें. ब्रिटनांत ह्या कामाचें स्वतंत्र खातें १९४१ च्या आरंभीं उभें राहिलें. तोंपर्यंत पुष्कळशी भिस्त जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवर आणि किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकांवर असे. ह्या नौका १८२४ सालीं स्थापन झालेली एक संस्था लोकांच्या देणग्यांतून चालविते, आणि त्यांवर जाणारीं माणसें बहुतांशीं गांवचेच स्वयंसेवक असतात. बुडणारा कोणत्या देशाचा आहे हें ते विचारीत नाहींत. हिलरीच्या घटनेपूर्वीं तीनच महिने मार्गेटची नौका डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक आणण्यास गेली होती, आणि तिचा मुख्य नावाडी एडवर्ड पार्कर ह्यास त्याबद्दल पदक मिळालें होतें.

ही माहिती आरंभींच्या पानांत नाहीं, ह्याबद्दल आम्ही लेखकास दोष देत नाहीं. त्याला त्या वेळीं दिसत नव्हतें. ज्यांचे चेहरे त्यानें पाहिलेच नाहींत त्यांची चित्रें त्यानें कशीं काढावीं? तेथें ते लोक हात आणि आवाज एवढेच आहेत, आणि तसेच असावयास पाहिजेत. आमची तक्रार पुढें सुरू होते.

इस्पितळाचीं प्रकरणें ह्या पहिल्या पानांच्या खालोखाल चांगलीं आहेत. भाजलेल्या जागीं त्या काळीं टॅनिक ॲसिड लावीत. त्याची कठीण खपली बने आणि बोटें आखडत. आर्चिबाल्ड मॅकिंडो ह्या न्यूझीलंडच्या शस्त्रवैद्यानें ह्या पद्धतीस विरोध केला. समुद्रांत पडलेल्या वैमानिकांच्या जखमा बऱ्या भरून येतात हें पाहून तो मिठाच्या पाण्याच्या स्नानांचा पुरस्कर्ता झाला होता. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील त्याच्या इस्पितळांत हिलरीला नव्या पापण्या आणि नवा ओठ मिळाला. तेथील रुग्णांनीं १९४१ सालीं आपलें एक मंडळ काढून, आपल्यावर प्रयोग चालले आहेत हें ध्यानांत घेऊन, त्याला थट्टेनें 'गिनी पिग क्लब' असें नांव दिलें. युद्ध संपेपर्यंत त्याचे सभासद ६४९ झाले. हिलरी ह्या सर्वांविषयीं लिहितांना आपली कींव करीत नाहीं आणि वाचकासहि करूं देत नाहीं. आपला चिडखोरपणा, अहंता, शेजाऱ्याच्या दु:खाचा कंटाळा हें सर्व तो लपविल्यावांचून सांगतो. आत्मचरित्रांत अशी निर्दय सत्यनिष्ठा सहसा आढळत नाहीं.

ग्रंथाचा वैचारिक गाभा मात्र दुसरीकडे आहे. हिलरीचा पीटर पीस नांवाचा एक सोबती होता. श्रद्धाळू ख्रिस्ती, शांत, आणि दुसऱ्यांसाठीं जगणें हें ज्याला उपदेश न वाटतां सहज वाटे असा. आगगाडीच्या एका प्रवासांत दोघांचा वाद होतो. हिलरी म्हणतो कीं आपण देशासाठीं किंवा मानवतेसाठीं लढत नसून स्वत:च्या विकासासाठीं लढतों. युद्धांत थोड्या काळांत पुष्कळ जगतां येतें, एवढेंच आपलें प्रयोजन. पीस ह्यास हें पटत नाहीं. वाद तेथें मिटत नाहीं, आणि पुढें मिटण्यास संधिहि राहत नाहीं. कारण १५ सप्टेंबर १९४० रोजीं, हिलरी इस्पितळांत असतांनाच, पीस मारला जातो. तेव्हांपासून हा मृत मित्र आणि त्याची वाग्दत्त वधू हीं दोघें हिलरीच्या अहंतेस जणूं कोर्टांत खेंचीत राहतात. खटल्याचा निकाल शेवटच्या प्रकरणांत लागतो.

तें प्रकरण थोडक्यांत असें. लंडनवर बाँब पडत असतांना एका रात्रीं हिलरी एका कोसळलेल्या घरांतून एका बाईला बाहेर काढण्यास मदत करतो. तिचें मूल मेलेलें असतें. तो तिला ब्रँडी पाजतो. ती त्याच्या जळालेल्या मुखाकडे पाहून सहानुभूतीचा एक उद्गार काढते आणि प्राण सोडते. त्या उद्गारानें त्याच्या मनाचा बांध फुटतो. प्रथम क्रोध येतो, मग स्वत:विषयीं घृणा. मेलेल्या मित्रांनीं ज्यासाठीं प्राण दिले त्यापासून आपण अलिप्त राहिलों हें त्याला जाणवतें, आणि त्यांच्यासाठीं व सर्व मनुष्यांसाठीं लिहावयाचें असा निश्चय करून तो पुस्तक संपवितो.

ह्या प्रकरणाच्या बाजूनें जें बोलतां येतें तें आम्हीं वर्षानुवर्षें बोललों आहों, आणि तें आजहि क्षुद्र मानीत नाहीं. रचनेच्या दृष्टीनें येथें एक वर्तुळ पुरें होतें : ज्याला वांचविलें तो दुसऱ्यास वांचवूं पाहतो; ज्याच्या ओठांस ब्रँडी लागली तो दुसऱ्याच्या ओठांस ती लावतो. विद्रूप चेहऱ्याची आजवर त्याला लाज वाटत होती. तोच येथें दु:खितांच्या जातींत त्याला प्रवेश मिळवून देतो. हें सर्व आम्ही फळ्यावर आकृति काढून समजावीत असूं, आणि विद्यार्थी ती वहींत उतरून घेत.

आज वाटतें कीं ज्या गोष्टीची आकृति इतकी सुबक निघते तिच्याविषयीं सावध व्हावयास पाहिजे होतें. प्रसंग जसाच्या तसा घडला काय, हा न्यायाधीशाचा प्रश्न आहे. टीकाकाराचा प्रश्न असा कीं, लेखकानें त्याला जें काम सांगितलें तें करण्यास तो समर्थ आहे काय? दोनशें पानें जो मनुष्य मित्राच्या युक्तिवादानें, मित्राच्या मृत्यूनें आणि स्वत:च्या यातनांनीं बदलला नाहीं, तो एका अनोळखी बाईच्या एका वाक्यानें बदलतो. ती बाईहि नेमकी त्या वाक्यानंतर मरते; तिला नांव नाहीं, पूर्ववृत्त नाहीं, आणि तें वाक्य बोलण्यावांचून पुस्तकांत तिला दुसरें प्रयोजन नाहीं. समुद्राच्या वर्णनांत वेदना वेदना म्हणून आली होती. येथें ती बोध देण्यासाठीं येते. तेथें लेखक साक्षीदार होता, येथें तो प्रवचनकार झाला आहे. भाषाहि तशीच बदलते : छोटीं, कोरडीं वाक्यें जाऊन त्यांच्या जागीं मोठाल्या सामान्यनामांची गर्दी होते.

आणि आतां त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतों. आगगाडींतल्या वादाचा विषय कोणता? मनुष्य स्वत:साठीं जगतो कीं दुसऱ्यासाठीं. ह्या प्रश्नाचें उत्तर हिलरीला कोणी आणि कधीं दिलें? आमचें आजचें मत असें कीं, तें ३ सप्टेंबर १९४० रोजींच, मार्गेटच्या पूर्वेस पंधरा मैलांवर, त्याच्या हातीं आलें होतें. ज्यांना तो ठाऊक नव्हता, ज्यांच्याशीं त्यानें कधीं वाद केला नव्हता, असे कांहीं लोक, ज्या समुद्रावर त्याच दिवशीं शत्रूचीं विमानें फिरत होतीं त्या समुद्रावर, तासच्या तास त्याला शोधीत राहिले, आणि परत फिरण्याच्या वेळींहि पाण्याकडे पाहत राहिले. पीटर पीस जें शब्दांनीं सिद्ध करूं शकला नाहीं तें त्यांनीं वल्हें आणि दोर ह्यांनीं सिद्ध केलें. ग्रंथाचें उत्तर ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत आहे, आणि ग्रंथकारास तें कळलेलें नाहीं. तो तें शोधीत दोनशें पानें हिंडतो, आणि शेवटीं हातांतलें खरें नाणें न ओळखतां घडवून घेतलेलें नाणें पुढें करतो. पहिल्या पानांत त्या नावाड्यांचे चेहरे नसणें हें औचित्य होतें. शेवटच्या पानांतहि ते नसणें हा दोष आहे.

हा दोष एकट्या हिलरीचा नाहीं, हें दाखविण्यासाठीं दुसरें एक उदाहरण घेतों. त्याच महिन्यांत, १९ सप्टेंबर १९४० रोजीं, रोआल्ड डाल हा वैमानिक, जो पुढें मुलांच्या गोष्टींसाठीं जगप्रसिद्ध झाला तो, आपल्या ८० व्या तुकडीस जाऊन मिळण्यासाठीं ग्लॅडिएटर जातीचें विमान घेऊन ईजिप्तच्या वाळवंटावरून जात होता. त्याला तळाची जागा चुकीची सांगण्यांत आली होती. अंधार पडूं लागला, पेट्रोल संपत आलें, आणि वाळवंटांत उतरतांना विमान खडकावर आपटून पेटलें. कवटीस तडा गेला, नाक चेपलें, कांहीं काळ दृष्टि गेली. तशाहि स्थितींत तो ज्वाळांतून सरपटत बाहेर आला आणि आपल्या बाजूच्या सैनिकांनीं त्याला उचललें. ह्या हकीकतींत शत्रु कोठेंच नाहीं. तथापि १९४२ सालीं अमेरिकेंतील 'सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट'मध्यें ती छापून आली तेव्हां तिचें नांव 'शॉट डाउन ओव्हर लिबिया' असें होतें. वाट चुकल्याची गोष्ट लढाईची गोष्ट झाली होती. पुढें १९८६ च्या 'गोइंग सोलो' ह्या आत्मकथनांत डालनेंच आपणांस कोणी पाडलें नव्हतें असें स्पष्ट केलें. परंतु तेथेंहि तो वाळवंटांत एकटा आहे. त्याच्याबरोबर त्या संध्याकाळीं दुसरें एक विमान होतें, त्याचा वैमानिक जवळच उतरला आणि थंडीच्या त्या रात्रीं जखमी सोबत्यापाशीं राहिला, ही गोष्ट चरित्रकार डोनाल्ड स्टरॉक ह्यानें २०१० च्या चरित्रांत पुढें आणली.

दोन्ही उदाहरणांत एकच क्रिया दिसते. सुटका झालेला मनुष्य आपली कथा सांगूं लागतो तेव्हां प्रथम गळतो तो सोडविणारा. आणि त्याची जागा जें कांहीं घेतें तें श्रोत्यांच्या गरजेप्रमाणें ठरतें : कोठें शत्रूची गोळी, कोठें मरणोन्मुख स्त्री. दोघांचेहि श्रोते त्या वेळीं अमेरिकेंत होते, हा योगायोग मानण्याचें कारण नाहीं. डाल १९४२ सालीं वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातींत वायुदलाचा अधिकारी होता. हिलरी १९४१ सालीं अमेरिकेस गेला तो ब्रिटनची बाजू लोकांपुढें मांडण्यासाठीं. परंतु त्याचा चेहरा पाहून कारखान्यांतील लोक बिचकतील, ह्या भीतीनें त्याला सभांतून बोलूं दिलें नाहीं, आणि रेडिओवरून बोलावें लागलें. ज्याचें मुख लोकांस दाखविण्याची अधिकाऱ्यांस भीति वाटली, त्याच्या पुस्तकाच्या शेवटीं तेंच मुख लोकांच्या हृदयांत शिरण्याचें द्वार ठरतें. ही इच्छा आम्हांस समजते. तिच्यापुढें आमचा टीकेचा सूर खालीं येतो, हेंहि आम्ही कबूल करतों. परंतु इच्छा खरी असली म्हणून प्रकरण खरें उतरतें असें नाहीं.

कोणी म्हणेल, बाविशी-तेविशींतल्या, बोटें आखडलेल्या एका मुलाच्या पुस्तकाला इतकी कडक कसोटी लावणें निर्दयपणाचें नाहीं काय? आमचें उत्तर असें कीं, निर्दयपणा दुसऱ्या बाजूनें अधिक झाला आहे. अखेरच्या प्रकरणाची ज्यांनीं स्तुति केली त्यांनीं लेखकास एक भूमिका नेमून दिली : अहंकारी तरुण, ज्याचा हुतात्मा झाला. हिलरी वारल्यावर थोड्याच महिन्यांत, १९४३ सालीं, त्याचा मित्र आर्थर कोस्लर ह्यानें 'हॉरायझन' मासिकांत एक निबंध लिहून त्याच्याभोंवतीं पुराणकथा कशी तयार होत आहे, ह्याचा शोध घेतला. कोस्लरनें जिचा जन्म पाहिला त्या कथेस आम्हीहि वर्गावर्गांतून खतपाणी घातलें.

आणि त्या कथेशीं त्याचा शेवट जुळत नाहीं. शेवटच्या प्रकरणाप्रमाणें त्याचा प्रश्न लेखनानें सुटला होता. आतां मेलेल्या मित्रांचें ऋण लेखणीनें फेडावयाचें होतें. प्रत्यक्षांत पुस्तक गाजत असतांना तो पुन्हा उड्डाणासाठीं अधिकाऱ्यांच्या मागें लागला. जेवतांना सुरीकांटा नीट धरतां येत नव्हता, अशा हातांनीं तो रात्रीच्या उड्डाणाचें शिक्षण घेण्यास स्कॉटलंडमधील चार्टरहॉल येथें गेला. आणि ८ जानेवारी १९४३ च्या रात्रीं त्याचें ब्लेनहाइम विमान कोसळून तो ठार झाला. जो मनुष्य आपल्या पुस्तकाच्या शेवटावर विश्वास ठेवून होता, तो असा परत गेला असता असें आम्हांस वाटत नाहीं. आपला निकाल कच्चा आहे हें त्याच्या टीकाकारांपेक्षां त्यालाच अगोदर उमगलें असावें. त्या रात्रीं विमानांत तो एकटा नव्हता. विल्फ्रेड फिसन हा त्याचा दिशादर्शकहि त्याच्याबरोबर मेला. हिलरीच्या मृत्यूविषयीं आम्ही वर्गांत जेव्हां जेव्हां बोललों तेव्हां हें नांव आमच्या तोंडून एकदांहि निघालें नाहीं. विद्यार्थिनीचा प्रश्न लेखकाइतकाच आम्हांसहि लागू पडतो तो असा.

असो. ह्या पुनर्विचारानें पुस्तक लहान झालें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या ग्रंथाचीं पहिलीं पानें त्याच्याच शेवटच्या पानांस खोटें पाडण्याइतकीं खरीं आहेत, तो ग्रंथ सामान्य नव्हे. समुद्रांतील तो भाग आणि इस्पितळाचीं प्रकरणें हीं युद्धाविषयीं लिहिलेल्या इंग्रजी गद्यांत चिरकाल राहतील. अखेरचें प्रकरण वाचावें, पण तें उत्तर म्हणून वाचूं नये. उत्तराच्या शोधांत निघालेला तरुण लेखक घाईघाईनें कोठें थांबला, आणि त्याला थांबविण्यांत त्या काळाचा हात किती होता, हें समजण्यासाठीं वाचावें. येत्या वर्षापासून आम्ही फळ्यावर ती वर्तुळाची आकृति काढणार नाहीं.

हिलरीच्या अस्थि विमानांतून इंग्लिश खाडीवर सोडण्यांत आल्या. दोन वर्षें आणि कांहीं महिन्यांपूर्वीं कांहीं माणसांनीं त्याला पाण्यांतून वर काढलें होतें. शेवटीं तो पाण्याकडेच गेला. त्या मधल्या अवधींत त्याला चेहरा मिळाला, लिहावयास वेळ मिळाला, आणि आपणांस हें पुस्तक मिळालें. मार्गेटच्या त्या नौकेंतील लोकांनीं एक मनुष्य वांचविला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं एक ग्रंथहि वांचविला, ही त्या ग्रंथांत लिहावयाची राहून गेली. पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीस आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं ते लोक पुस्तकांत परत येत नाहींत हें खरें. परंतु ते परत यावयास पाहिजे होते.